पन्नाशीच्या बॅचचा हंडा

मान मिळायचाच असेल तर तो गुडघे शाबूत आहेत तोवर मिळावा, असं ऑर्विल पिंकहॅमचं स्पष्ट मत होतं. पण त्याचं मत विचारतो कोण! लॅम्सन कॉलेजात पदवी घेऊन पन्नास वर्षं झाली की मग मान मिळतो, आणि तो मान म्हणजे खड्डा खणणे.

जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, तेव्हा पन्नाशीची बॅच कॉलेजच्या हिरवळीवर कंबरभर खड्डा खणते. शुक्रवारी त्यात मेपलचे ओंडके जाळून निखारे पाडायचे. लोखंडी हंड्यात घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, कांदे आणि काकवी भरायची, झाकण घट्ट बसवायचं, हंडा निखाऱ्यांवर सोडायचा आणि वर माती लोटायची. शनिवारी दुपारी सगळ्या कॉलेजसमोर तो उकरून काढायचा आणि पानं वाढायची. हे प्रत्येक बॅचला आयुष्यात एकदाच. एकावन्नाव्या वर्षी तुम्ही आपले ताटली घेऊन रांगेत. म्हणजे बिघडलं तर सुधारायची सोय नाही, आणि ज्यांचं बिघडलं त्यांना लोक मरेपर्यंत विसरत नाहीत. मागे एका बॅचने हंडा कच्चा काढला होता. त्या बॅचमधून एक न्यायाधीश निघाला, एक बिशप निघाला. पण अमेरिकेच्या अख्ख्या मेन राज्यात त्यांची ओळख 'ते कच्च्या घेवड्यातले' हीच राहिली.

यंदा पाळी चौऱ्याहत्तरच्या बॅचची, म्हणजे ऑर्विलची होती. कॉलेजच्या चार वर्षांत ऑर्विलने काही म्हणजे काही केलं नव्हतं. खेळात नाही, नाटकात नाही, मारामारीतसुद्धा नाही. बॅचच्या फोटोत तो आहे, पण एका उंच मुलाच्या कानामागे. पुढे गावच्या नगरपालिकेत घरपट्टी ठरवायला लोकांची घरं मोजण्यात जन्म गेला, आणि तो धंदा असा की हा फाटकात दिसला की लोक कुत्रा सोडत. त्यामुळे बॅचवाल्यांनी फोनवर एकमताने त्याला हंड्याचा प्रमुख नेमलं तेव्हा त्याला भरून आलं.

“तुला कुणी निवडलं नाहीये,” त्याची बायको डोरीन म्हणाली. “तू कॉलेजच्या समोर राहतोस एवढंच. बाकीचे फ्लोरिडात आहेत, नाहीतर वर आहेत.”

डोरीनचं बोलणं असंच. जन्मभर नर्स होती. सुई टोचताना दुखणार नाही असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पण ऑर्विलने मनाशी पक्कं ठरवलं होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत त्याच्या हातून एक गोष्ट नीट व्हायला हवी होती. हंडा वर यावा, झाकण उघडावं, आणि लोकांनी 'वा!' म्हणावं. यापलीकडे त्याचं देवाकडे मागणं नव्हतं.

आता अशा माणसाच्या शेजारी देवाने कुणाला ठेवावं? व्हर्ना थिबोडोला! व्हर्ना पंच्याहत्तरच्या बॅचची. म्हणजे तिची पाळी पुढच्या वर्षी. गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई तीन वर्षांपासून तयारीला लागली होती. तळघरात नऊ तऱ्हांचे घेवडे बरण्यांत भरून ठेवले होते, आणि मागच्या अंगणात दर महिन्याला काही ना काही पुरून बघत होती. गावात नवीन आलेल्या एका कुटुंबाने तिच्याविषयी पोलिसांत विचारणासुद्धा केली होती.

“घेवडा कुठला घेतलास?” तिने कुंपणावरून विचारलं.

“पिवळ्या डोळ्याचा.”

“अरे देवा.” तिने कुंपणावर हात टेकले. “नाही, घे घे. तुमच्या बॅचला शोभेल तो.”

“का? काय वाईट आहे त्यात?”

“वाईट कुठे म्हणतेय मी? आमच्या वर्षी बघशीलच.”

ऑर्विल घरात येऊन जेवला नाही. आणि सल्ला एकट्या व्हर्नाचाच होता असं थोडंच आहे! औषधाच्या दुकानातला म्हणाला सोडा घाल, पाद्री म्हणाले सोडा घालशील तर याद राख. टपालवाल्याने सांगितलं की काकवीऐवजी मेपलचा पाक घालावा, आणि हे ऐकून मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने टपालवाल्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. ऑर्विल सगळ्यांना हो म्हणत गेला. माणसाची उमेद खचवायची असेल तर त्याला शत्रू कशाला हवेत, चार स्वयंपाक कळणारे शेजारी पुरतात.

मग परवाने. मेनमध्ये उघड्यावर जाळ करायचा तर गावच्या आग-निरीक्षकाची परवानगी लागते. निरीक्षक लिओ म्हणाला, “जागेच्या मालकाची सही आण, लगेच देतो.” मालक म्हणजे कॉलेज. कॉलेजच्या माजी विद्यार्थी कचेरीतली केंड्रा नावाची मुलगी फार गोड बोलायची. इतकी गोड की नकार मिळालाय हे ऑर्विलला घरी पोचल्यावर कळायचं. “सर, सही काय, आत्ता देऊ! फक्त विमा समितीचा होकार हवा.” विमा समिती म्हणाली, आधी आगीचा परवाना दाखवा. ऑर्विल तिघांच्या दारात वारकरी झाला. शेवटी डोरीनने दोन फोन केले. लिओला आणि विमा समितीच्या अध्यक्षांना ती त्यांच्या आपापल्या ऑपरेशनांपासून ओळखत होती, आणि शुद्धीवर येताना कोण काय बडबडलं होतं ते तिच्या लक्षात होतं. दुपारपर्यंत सह्या झाल्या.

“फक्त एक अट आहे हं सर,” केंड्रा म्हणाली. “हिरवळ होती तशी दिसली पाहिजे. गेल्या वर्षी फार घाण झाली होती.”

“होती तशीच दिसेल,” ऑर्विल छाती काढून म्हणाला. या वाक्याने त्याचा घात केला, पण ते पुढे.

शुक्रवारी बॅच जमली. किती मोठी बॅच होती ती एके काळी! आता आठ जण आले, आणि त्या आठांत मिळून स्वतःचे असे गुडघे मोजकेच होते. ऑर्विलचा खोलीतला जुना सोबती रोलंड ॲरिझोनाहून आला होता. दातांचा डॉक्टर म्हणून आयुष्य काढलेला रोलंड घडीच्या खुर्चीत बसून खड्ड्यात वाकून बघायचा आणि म्हणायचा, “अजून खोल. डावीकडे. हां, आता दुखेल थोडं.” काळ्या माश्या मानेला डसत होत्या. हातभर खोल गेल्यावर कुदळ हिरवळीच्या पाण्याच्या नळात गेली आणि कारंजं उडालं. रोलंड भिजला, ओंडके भिजले, आणि कुंपणापलीकडून चहाचा मग घेऊन बघत असलेली व्हर्ना कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, “आम्ही नळाचा नकाशा आधीच काढून आणलाय.”

“तुझा नकाशा चुलीत घाल!” ऑर्विल ओरडला.

“चूल पेटली तर घालीन की.”

नळ बंद झाला, चूल पेटली, पण दुपार धुरात गेली. संध्याकाळी निखारे पडले, साखळीने हंडा खाली सोडला, माती लोटली. आणि इथे ऑर्विलच्या अभिमानाने उचल खाल्ली. बाकीच्या बॅचेस मातीचा ढीग तसाच टाकून जातात. ऑर्विलने खणताना गवताचे चौकोन अख्खे कापून ठेवले होते. ते त्याने दोरी लावून परत बसवले, फटींत माती भरली, पाणी शिंपडलं, हाताने गवत विंचरलंसुद्धा. शेवटी मध्यभागी कागदाचा इवलासा झेंडा खोचला. तिथे कधी फावडं लागलंय असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. व्हर्ना येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही. त्या रात्री ऑर्विल पोटभर जेवला.

शनिवारी सकाळी प्रार्थनामंदिरात वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. चौऱ्याहत्तरची नावं संपता संपेनात. ज्याच्या कानामागे ऑर्विल फोटोत उभा होता तोही त्यात निघाला. एवढी वर्षं त्या कानाचा राग धरला होता आणि आता तो कानही गेला, याचं ऑर्विलला खरंच वाईट वाटलं. सगळे डोळे पुसत बाहेर आले.

बाहेर हिरवळ नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यावर भला थोरला पांढरा मांडव उभा होता.

झालं होतं असं की पावसाची चिन्हं दिसत होती आणि खालच्या मैदानात चिखल होता. पोर्टलंडहून आलेल्या मांडववाल्यांना केंड्राने सांगितलं, वर हिरवळीवर लावा, फक्त हंड्याचा खड्डा चुकवा. मांडववाल्यांनी इमानेइतबारे खड्डा शोधला. सगळीकडे सपाट, कोवळी, विंचरलेली हिरवळ. कागदाचा एक कपटा तेवढा पडला होता, तो त्यांनी कचऱ्यात टाकला. मग लाकडी फरशी अंथरली, खुर्च्या मांडल्या आणि एका टोकाला कॉलेजच्या अध्यक्षबाईंच्या भाषणासाठी व्यासपीठ रचलं.

ऑर्विल घरं मोजण्यात मुरलेला माणूस. मंदिराच्या कोपऱ्यापासून आणि मेपलच्या झाडापासून पावलं टाकत तो थेट व्यासपीठापाशी जाऊन थांबला. हंडा अध्यक्षबाई जिथे उभ्या राहणार त्याच्या बरोब्बर खाली होता.

“केंड्रा, हे हलवायला लाव,” तो म्हणाला.

“सर, मला तुमचं दुःख कळतंय,” केंड्रा म्हणाली, “पण मांडवाचा विमा तो जिथे उभा आहे तिथलाच आहे. सोमवारी उतरवतील ना.”

“सोमवारी? अगं बाई, सोमवारी त्या हंड्यात कोळसा मिळेल!”

“जेवणाची काळजीच करू नका. मी थंड सँडविच मागवलेत.”

सँडविच! पन्नास वर्षं वाट बघून चौऱ्याहत्तरची बॅच लोकांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सँडविच वाढणार. 'ते सँडविचवाले.' ऑर्विलला पुढची सगळी वर्षं डोळ्यांपुढे दिसली. किराणा दुकानात, न्हाव्याकडे, स्वतःच्या दफनाला. मंदिराच्या पायरीवर तो मटकन बसला.

“ऊठ,” रोलंड म्हणाला. “व्यासपीठाखाली फरशी नाही, नुसतं गवत आहे. मागून शिरायचं, माती काढायची, साखळी अडकवायची आणि ओढायचा. भाषण लांबतंच. दाढ काढायला सुद्धा याहून जास्त वेळ लागतो.”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दातांच्या डॉक्टरच्या सल्ल्याने जमिनीखाली जाऊ नये, हे आपण घरी बसून म्हणू शकतो. ऑर्विल गेला. व्यासपीठाभोवतीचा पडदा उचलून पोटावर सरपटत, हातात बागेतलं छोटं फावडं, मागे रोलंड साखळीचं टोक धरून. वर टाळ्या झाल्या. मग अध्यक्षबाईंच्या टाचा टक टक करत आल्या आणि नेमक्या ऑर्विलच्या डोक्यावर थांबल्या.

ऑर्विल गवताचे चौकोन उपसू लागला. काल ज्या मायेने बसवले होते त्याच्या दुप्पट रागाने. वर बाई म्हणत होत्या, “लॅम्सनचं हे कुटुंब…” खाली ऑर्विल म्हणत होता, “हळू ओढ गाढवा, माझा पाय आहे तो.” माती ऊन लागायला लागली. काकवीचा वास आला. घेवडा शिजला होता! ऑर्विलला हसू फुटलं. आणि तेवढ्यात वर बाईंचा आवाज खाली आला.

“मला हे सांगताना अतिशय वेदना होत आहेत. मुलं येत नाहीत. आम्ही सगळे उपाय करून पाहिले. या डिसेंबरात लॅम्सन कॉलेज बंद होईल. हा आपला शेवटचा मेळावा.”

ऑर्विल फावडं हातात धरून तसाच पडून राहिला. नाकासमोर माती, डोक्यावर टाचा. त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं की आपण बरोबर ऐकलं. सकाळी एवढी नावं वाचली, त्यात हे एक वाचायचं राहिलं होतं.

“रोलंड,” तो कुजबुजला, “ऐकलंस?”

“ऐकलं.” साखळी खाली ठेवून रोलंडने हवा हुंगली. “ऑर्विल, धूर येतोय रे.”

माती निघाल्यावर निखाऱ्यांना वारा लागला होता. व्यासपीठाच्या फटींतून धूर वर निघाला आणि अध्यक्षबाईंच्या झग्याभोवती दाटला. कुणीतरी किंचाळलं. खुर्च्या पडल्या. शोक करायला बसलेले लोक पळत सुटले. पळत म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. घेवडा खायला म्हणून सहकुटुंब आलेला लिओ पुढे धावला आणि त्याने पडदा उचलला. आत ऑर्विल आणि रोलंड, तोंडं काळी, आणि डोळे पाण्याने भरलेले.

“हंडा आहे का खाली?” लिओने विचारलं.

“आहे,” ऑर्विल म्हणाला. “पाणी मारू नकोस, लिओ. तुझ्या पाया पडतो. हवं तर मला अटक कर, पण पाणी मारू नकोस.”

लिओने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा धुराकडे. मग तो वळून मांडववाल्यांवर ओरडला, “व्यासपीठ उचला! आग-निरीक्षकाचा हुकूम आहे!”

“पण विमा—” केंड्रा म्हणाली.

“गेला विमा खड्ड्यात!” लिओ म्हणाला.

व्यासपीठ बाजूला झालं. मांडवाच्या कडा वर गुंडाळल्या. आणि उघड्या खड्ड्याभोवती सगळं कॉलेज गोळा झालं. घरी कुणी गेलं नव्हतं. जाऊन करणार काय? काही बायका एकमेकींना धरून रडत होत्या, आणि सगळ्यांचे डोळे ऑर्विलकडे लागले होते. एवढी माणसं कुठल्याच बॅचच्या हंड्याला जमली नव्हती. डोरीनने पुढे होऊन रुमालाने त्याचं तोंड पुसलं. त्याच्या हातात साखळी होती. आता फक्त आपल्या माणसांना हाक मारायची आणि ओढायचं.

तेव्हा त्याला व्हर्ना दिसली. ती पलीकडच्या काठाला उभी होती. सल्ला नाही, टोमणा नाही. खड्ड्यात बघत होती नुसती. तीन वर्षांच्या बरण्या तळघरात होत्या, आणि आता त्यांचं करायचं काय, हे तिला कुणी विचारणारही नव्हतं.

ऑर्विल खड्ड्याला वळसा घालून तिच्यापाशी गेला. आयुष्यात एकदाच मिळणारी ती साखळी त्याने तिच्यापुढे धरली. खोटं कशाला बोला, द्यायची त्याची अजिबात इच्छा नव्हती.

“धर,” तो म्हणाला.

“काय करू?”

“काढ. पुरला आम्ही, काढा तुम्ही. पंच्याहत्तरवाल्यांना बोलाव.”

“कीव करतोस माझी?” व्हर्नाचे डोळे चमकले.

“तुझी कीव? माझी कंबर धरलीय, बाई. दोन तास जमिनीखाली होतो मी.”

व्हर्ना साखळीकडे बघत राहिली. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाली, “आर्मंडने जायच्या आधी कुदळीला नवा दांडा बसवून ठेवला होता. पुढच्या वर्षासाठी.” आर्मंड तिचा नवरा, तोही पंच्याहत्तरचा, दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. ऑर्विल म्हणाला, “माहितेय. मी बघितला होता. छान बसवलाय.”

तिने साखळी घेतली. नाक ओढलं. आणि मग शाळेत गाजलेल्या त्या आवाजात ओरडली, “पंच्याहत्तर! इकडे या! काठ्या खाली ठेवा आणि साखळी धरा! हे काय, हंडा तिरका ठेवलाय यांनी. कुणी पुरला हा? ओढा!”

कुठून कुठून पाचसहा म्हातारे-म्हाताऱ्या पुढे आल्या. साखळी ताणली गेली. हंडा राखेतून वर आला, तिरका, काळा, वाफाळता. व्हर्नाने झाकण काढलं आणि त्या वासाने लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. तो 'वा' होता की हुंदका, हे ऑर्विलला सांगता आलं नसतं. घेवडा कडेने किंचित करपला होता, बाकी लोण्यासारखा मऊ.

रांग लागली. चौऱ्याहत्तरवाल्यांनी पाव वाटला, पंच्याहत्तरवाल्यांनी घेवडा वाढला. अध्यक्षबाईंनीही धुरकटलेल्या झग्यात ताटली पुढे केली, आणि व्हर्नाने त्यांना इतरांइतकाच वाढला. डोरीनने दुसऱ्यांदा घेतला, आणि डोरीनने दुसऱ्यांदा घेणं म्हणजे काय हे ऑर्विललाच ठाऊक. कुणी भाषण केलं नाही. पाऊस आला नाही. लोक गवतावर बसून खात होते.

एरवी हंडा चाटूनपुसून रिकामा होतो. शेवटच्या डावासाठी भांडणं होतात. यंदा तळाशी डावभर घेवडा उरला आणि त्याला कुणी हात लावेना. लोक ताटली घेऊन यायचे, आत वाकून बघायचे, आणि 'नको, पुरे झालं' म्हणत परत फिरायचे. लिओ दोनदा येऊन गेला. रोलंडने तर चक्क पोट भरल्याची शपथ घेतली.

शेवटी हंड्यापाशी ऑर्विल आणि व्हर्ना दोघंच राहिले.

“घे तू,” व्हर्ना म्हणाली. “तुमचा आहे तो.”

“काढलात तुम्ही. तू घे.”

“मी नाही घेणार. मला जास्तच गोड लागतोय.”

“थोडासाच आहे, व्हर्ना.”

“मग घे की तू!”

“नाही. तू.”

मांडववाले लांबून घड्याळं बघत होते. दोघंही डाव हातात न घेता तसेच उभे राहिले, आणि तळाशी घेवडा निवत चालला होता.